आई काय करते?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दरवर्षी निकाल लागले की आमच्या भोकरच्या कॉलेजात प्रवेशाची गर्दी उसळते. मी गेली पंचवीस वर्षं इथं समाजशास्त्र शिकवते, आणि प्रवेशाच्या दिवसांत अर्ज तपासायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं. कुणी उमरीकडून आलेलं असतं, कुणी हिमायतनगरकडून, कुणी आसपासच्या तांड्यावरून. अर्जात एक रकाना असतो, 'आईचा व्यवसाय'. त्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द लिहिलेला सापडतो: घरकाम. काहींनी तर नुसती आडवी रेघ मारलेली असते. विचारलं तर उत्तर येतं, "माय काही करत न्हाई मॅडम, घरीच असते."

आणि ती माय त्या क्षणी कुणाच्या तरी कापसात खुरपत असते! पहाटे उठून, भाकरी थापून, पाणी भरून, जनावराचं शेण काढून ती शेतात गेलेली असते. लेकराला हे ठाऊक नाही असं नाही. तेच तर तिची भाकरी खाऊन एसटीनं आलेलं असतं. पण 'करणं' या शब्दात ते सगळं बसतं, असं त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आज मला बोलायचं आहे ते या शिकवण्याबद्दल. बी. ए.च्या समाजशास्त्रात 'लिंगभाव आणि समाज' असा भाग येतो. लिंग हा शब्द फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावर खुसखुस सुरू होते. ती थांबेपर्यंत मी वाट पाहते आणि मग सांगते की लिंग निसर्गानं दिलेलं असतं, आणि लिंगभाव समाजानं घडवलेला असतो. मूल मुलीच्या शरीराचं जन्मतं, ते निसर्गाचं काम. पण तिनं कसं बसावं, किती हसावं, कुणाच्या आधी जेवावं, कुठल्या वयात कुणाच्या घरी जावं, हे शरीरात लिहिलेलं नसतं. ते आपण लिहितो. आपली मराठी या बाबतीत मोठी शहाणी आहे. लहानगं असतं तोवर 'ते लेकरू'. 'तो' आणि 'ती' पुढं होतात.

ही कल्पना पुस्तकात पक्की झाली ती अलीकडे. फ्रान्समध्ये सिमोन द बोव्हा यांचा 'द सेकंड सेक्स' हा ग्रंथ १९४९ साली आला. इंग्लंडमध्ये ॲन ओकली यांनी १९७२ साली नैसर्गिक लिंग आणि सामाजिक लिंगभाव यांतला फरक समाजशास्त्राच्या भाषेत मांडला. परीक्षेला ही नावं लिहावी लागतात. पण मुलांना हे परदेशी खूळ वाटतं, म्हणून मी त्यांना बुलढाण्याला घेऊन जाते. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीला दूषणं देणं सुरू झालं. ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. जे दुर्गुण तुम्ही बाईच्या जातीला चिकटवता ते पुरुषांत नाहीत काय, असा सरळ सवाल त्यात आहे. जोतीराव फुल्यांनी तिची बाजू घेतली, बाकीच्यांनी पुस्तक विसरून टाकलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठं आपल्याला कळलं की हा प्रश्न आपल्या शेजारच्या मुलखात आधीच विचारून झाला होता.

तर वर्गात एकदा एका मुलानं हात वर केला. शेतकऱ्याचा मुलगा, स्पष्टवक्ता. म्हणाला, "मॅडम, लेकरू तर बाईच जनते की. हे काय समाजानं ठरवलं काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, नाही, ते निसर्गानंच ठरवलं. आता मी विचारते त्याचं उत्तर दे. जातं कुणाचं? म्हणाला, बाईचं. मग पिठाची गिरणी कुणाची? तो म्हणाला, गिरणीवाल्याची. घरचा स्वयंपाक कुणाचा? बाईचा. लग्नातला? आचाऱ्याचा. घरी फाटलेल्याला टाका कोण घालतं? माय. आणि बाजारातला शिंपी? शिंपी बाप्या. वर्ग गप्प झाला. मग तोच पोरगा म्हणाला, "मोटर आली मॅडम, म्हणून बाप्याकडं गेलं." दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "मोटर न्हाई, पैसा आला म्हणून."

त्या दिवशी मला पुढं काही शिकवावं लागलं नाही. दळणं, रांधणं, शिवणं ही कामं बाईच्या हाताच्या ठेवणीमुळे बाईची असती, तर मजुरी मिळताच ती पुरुषाच्या हाताला कशी जमली असती? शेतात तेच. औत हाकणं, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर ही पुरुषाची कामं, आणि खुरपणी म्हणजे 'हलकं' काम. ज्याला ते हलकं वाटतं त्यानं आषाढातल्या चिखलात दिवसभर उकिडवं बसून बघावं.

इथं एक गैरसमज दूर केला पाहिजे. समाजानं घडवलेलं म्हणजे खोटं, म्हणजे उद्या झटकून टाकता येईल असं, काही मुलांना वाटतं. तसं नसतं. खिशातल्या पाचशेच्या नोटेचंच बघा. तो कागद आहे. सगळे मानतात म्हणून तो पैसा आहे. पण त्याच कागदानं पोट भरतं, आणि तो नसला तर दवाखान्याच्या दारात माणूस अडतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री जुन्या नोटा बाद झाल्या तेव्हा आपल्याला कळलं की निसर्गाचा नियम कुणाच्या घोषणेनं बदलत नाही, पण माणसांनी केलेला नियम बदलू शकतो. (त्या आठवड्यात घराघरांतल्या डाळीच्या डब्यांतून बायकांनी साठवलेल्या नोटा बाहेर आल्या, आणि नवऱ्यांना पहिल्यांदा हिशेब कळला. तो वेगळाच विषय आहे.) बाईपण हे या नोटेसारखं आहे. माणसांनी केलेलं आणि तरीही अंगावर वळ उमटवणारं.

आता थोडं घरचं सांगते. भोकर हे तेलंगणाच्या शिवेजवळचं गाव. इकडच्या बऱ्याच घरांत मामाशी भाचीचं लग्न लावायची जुनी चाल. माझी आई तिच्या सख्ख्या मामालाच दिली होती. म्हणजे तिची सासू ही तिची आजी. त्या सासूला ती शेवटपर्यंत आजीच म्हणायची. घरात डोक्यावर पदर नव्हता, उंबऱ्याबाहेर थांबणं नव्हतं. भांडण झालं तर आईच आजीला दोन शब्द सुनवायची. मला मात्र अहमदपूरकडे, अनोळखी घरात दिलं. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण तिथं पहिली दोन वर्षं मी सासऱ्यांसमोर खुर्चीवर बसले नाही. पदर कपाळाच्या वर सरकला की जाऊबाई डोळ्यांनी खुणावायच्या. मी तीच होते. माहेरी गेले की पदर खांद्यावर आणि आवाज मोठा, सासरी गेले की पदर डोक्यावर आणि आवाज बंद. एसटीच्या प्रवासात कुठं तरी, बहुधा लोह्याच्या आसपास, मी बदलत असे!

पुढं इरावती कर्वे वाचल्या तेव्हा याचा उलगडा झाला. इरावतीबाईंचा भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा ग्रंथ १९५३ सालचा. उत्तरेत मुलगी दूरच्या, परक्या घरात देतात. दक्षिणेत ती बहुधा नात्यातच राहते. आणि महाराष्ट्र या दोन्हींच्या मधोमध आहे, मामाची मुलगी करतात पण सगळीकडे सारखं नाही, असं त्यांनी दाखवलं. नात्याची घडी बदलली की सुनेचं वागणं बदलतं. मला वाटत होतं की माझी आई जात्याच धीट आणि मी जात्याच भित्री. तसं काही नव्हतं. नात्यातल्या अशा लग्नांत मुलांच्या आजाराची जोखीम असते, तेव्हा त्या चालीची मी वकिली करत नाही. आणि आईलाही चौदाव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतंच. तिचं सासर सोपं होतं, एवढंच मी म्हणते.

या विषयावर ज्यांनी सगळ्यात बारकाईनं लिहिलं त्या लीला दुबे. माहेरच्या अंबर्डेकर, मराठी घरातल्या. सागर विद्यापीठात शिकवत. १९७४ साली 'समानतेकडे' हा भारतीय स्त्रियांच्या स्थितीचा अहवाल ज्या समितीनं दिला, तिच्या त्या सदस्य होत्या. २०१२ साली त्या गेल्या; आपल्याकडे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत आहे. १९८८ साली त्यांनी एक लेख लिहिला. मुलगी 'घडते' कशी, हे त्यात सणवार, व्रतं, म्हणी, खेळ, पानातलं वाढणं, कामाची वाटणी, चालणं-बसणं अशा अगदी घरगुती गोष्टींतून उलगडलं आहे. तो वाचताना वर्गातल्या मुली आपापल्या घरचं सांगू लागतात. एकीनं सांगितलं, "आमच्याकडं मला ओरडताना म्हणत्यात, सासरी गेल्यावर कळंल." म्हणजे चूक आज झालेली आणि शिक्षा दहा वर्षांनंतरच्या घरात! मुलीला कळू लागतं तेव्हापासून ती राहते त्या घरात पाहुणी असते. मग लवकर पाठवून द्यायची घाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. तिच्यानुसार महाराष्ट्रात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. आमच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण ४८ टक्के होतं. माझ्या वर्गातल्या हजेरीपटावर दरवर्षी दिवाळीनंतर काही नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात, आणि मला कारण विचारावं लागत नाही.

लीलाबाईंचा दुसरा लेख बीज आणि जमीन यांवर आहे. पुरुष म्हणजे बी, बाई म्हणजे शेत, ही उपमा आपल्याकडे शास्त्रापासून बोलीपर्यंत सगळीकडे. त्यांनी विचारलं की या उपमेचा फायदा कुणाला? शेताचा मालक आणि बियाण्याचा मालक एकच असेल, तर पीकही त्याचंच. म्हणजे लेकरू बापाचं, कूळ बापाचं, घर-जमीन बापाची. आणि जमीन जशी सातबाऱ्यावर मालक होऊ शकत नाही, तशी बाईही नाही. मूल आई-बाप दोघांकडून निम्मं निम्मं घेतं आणि मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, हे शाळेच्या पुस्तकात येऊन किती वर्षं झाली. तरी मुलगी झाली म्हणून सुनेलाच बोल. वर्गात हा भाग शिकवला की शेतकऱ्यांची मुलं हमखास हसतात, कारण बोगस बियाणं आणि कसदार जमीन यांतला फरक त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो.

सातबाऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक नोंद करते. बायकोच्या नावे जमीन करा, असं सांगणारी 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम शेतकरी संघटनेनं चालवली होती, चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतरच्या काळात. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ साली केली, देशानं २००५ साली. कायदा झाला. पण हक्कसोडपत्रावर सही करताना बहीण 'भावाचं माहेर तुटू नये' म्हणते, तेव्हा कायदा दाराबाहेर उभा असतो.

बाईपण सगळ्या बायांचं सारखं नसतं, हेही सांगायला हवं; नाहीतर ही सगळी चर्चा माजघरातल्या बाईपुरतीच राहील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चाली जात टिकवण्याची साधनं आहेत, बाईवर पहारा ठेवल्याशिवाय जातीची भिंत उभी राहत नाही, असं त्यांनी त्यात दाखवलं. आणि डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी काय सांगितलं? लुगडं नेसण्याची जी तऱ्हा आणि जे दागिने तुमची अस्पृश्यता दुरून ओळखू आणतात ते टाका. बायांनी लगोलग नेसण बदलली. लुगडं किती खाली यावं हे तेव्हा लज्जेवर ठरत नव्हतं, जातीवर ठरत होतं. एका जातीत जे बाईला शोभतं तेच दुसरीनं करायचं नाही! शर्मिला रेगे यांनी पुण्यात बसून आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला होता.

आणि जिचं घर सहा महिने उसाच्या फडावर असतं, तिचं बाईपण कसलं? कंधार, लोहा, मुखेडकडून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. मुकादमाच्या वहीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल नवरा घेतो, हिशेब नवऱ्याशी होतो. ऊस तोडणं, मोळी बांधणं, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणं यात बाई बरोबरीनं असते. कोपीवर परतल्यावर चूल तिची एकटीची. खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि पाळीचे दिवस म्हणजे खाडा. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी पाहणी झाली. तिच्यात ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्याला कारणं अनेक होती, दवाखान्यांनी घातलेली कॅन्सरची भीतीही होती. पण जो समाज पिशवीला बाईचं सर्वस्व म्हणतो, तोच समाज फडावर तिला अडचण समजतो, हे मी वर्गात सांगते तेव्हा कुणी हसत नाही.

मघाच्या नोटेसारखाच हा नियमही बदलू शकतो, याचा पुरावा द्यायचा तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचा देते. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीनं नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनानं इतर गावांना तसं आवाहन केलं. आमच्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, तेव्हा मागं राहिलेल्या कितीतरी बाया तिशीतल्या होत्या. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्या दाराआड उभ्या असतात. ठरावाचा कागद प्रत्येक गावात पोचला असेल. वाण देणारा हात अजून अडखळतो. माझाही अडखळला आहे.

पुन्हा त्या रकान्याकडे येते. २०१९ साली देशात लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी झाली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ निघाल्या आणि पुरुष २६. करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बाईची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषाची नऊ. असो. पाच तास काम करून आई 'काही करत नाही', याला समाजशास्त्रात घडण म्हणतात.

काही वर्षांपूर्वी माझी आई गेली. नोंदणीचा फॉर्म भरायला मीच बसले होते. 'मृताचा व्यवसाय' असा रकाना आला. चाळीस वर्षं खुरपण केलेली, दोन म्हशींचं दूध घालून माझी फी भरलेली बाई. मी लिहिलं, 'घरकाम'. घरी येऊन चहा केला, तेव्हा लक्षात आलं. कारकुनानं नव्हे, पंचवीस वर्षं हा विषय शिकवणाऱ्या बाईनं लिहिलं होतं.

तेव्हापासून प्रवेशाच्या टेबलावर मी विचारते, "माय शेतात जाते का?" मागच्या एका जूनमध्ये एका मुलीनं 'घरकाम' खोडून 'शेतकरी' लिहिलं. तासाभरानं तिचे वडील आले. टोपी हातात, अदबीनं बोलले, "मॅडम, सातबारा माझ्या नावावर हाय. उगं शिष्यवृत्ती अडायची." त्यांची काळजी खोटी नव्हती, कागदपत्रांपायी अडलेली मुलं मी पाहिली आहेत. मी मुलीकडं बघितलं. ती बापाकडं बघत होती. मग बापानंच विचारलं, "कापूस वेचायला जाते लोकायच्या. ते लिहिलं तर चालंल का?"

आम्ही तिघांनी मिळून 'शेती व मजुरी' असं लिहिलं. अर्ज पुढे गेला. शिष्यवृत्ती अडली नाही.